स्विफ्ट २०१२ आणि स्विफ्ट २०२४ : इंजिनाची ताकद खरोखर घटली आहे का?

घाटरस्ता (धागालेखक)

मे २०२४ मध्ये मारुतीची नवी स्विफ्ट आली तेव्हापासून तिच्याविषयी एकच तक्रार पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. चार सिलिंडरचे इंजिन काढून तीन सिलिंडरचे बसवले आणि ताकद ९० पीएसवरून (पीएस हे इंजिनाच्या ताकदीचे एकक) ८२ पीएसवर आणली, ही ती तक्रार. ती खोटी नाही, पण ती २०२१ ते २०२४ या काळात विकल्या गेलेल्या स्विफ्टशी केलेली तुलना आहे. आज गाडी बदलण्याचा विचार करणाऱ्या अनेकांच्या दारात त्याहून जुनी, म्हणजे ऑगस्ट २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीची गाडी उभी आहे. माझ्याकडेही २०१२ ची व्हीएक्सआय, म्हणजे मधल्या प्रकारातली, पेट्रोल आहे. त्यामुळे माझ्यासारख्यांनी ९० आणि ८२ या आकड्यांवरून वाद घालण्यापेक्षा आपल्याच गाडीचे आकडे नव्या गाडीच्या आकड्यांशेजारी मांडून पाहावेत, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे.

दोन्ही इंजिने ११९७ सीसीचीच आहेत. जुने के-१२-एम इंजिन ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्यांना) ८७ पीएस आणि ४००० आरपीएमला ११४ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. नवे झेड-१२-ई इंजिन ५७०० आरपीएमला सुमारे ८२ पीएस आणि ४३०० आरपीएमला सुमारे ११२ न्यूटन मीटर देते. येथवर नवी गाडी मागेच आहे. मात्र जुन्या गाडीचे वजन सुमारे ९६० किलो आहे, तर सहा एअरबॅगा घेऊनही नवी सुमारे ९२० किलोवर थांबते. जास्त ताकदीच्या पोलादाचा हलका सांगाडा हे त्याचे मुख्य कारण आहे. वजनाचा भागाकार केला की जुन्या गाडीला दर टनामागे ९१ पीएस आणि ११९ न्यूटन मीटर मिळतात, तर नवीला ८९ पीएस आणि १२२ न्यूटन मीटर. हा फरक चालकाच्या पायाला जाणवण्याइतका नाही. मागच्या सीटवर एक माणूस वाढला तरी तो पुसला जातो.

मधल्या, म्हणजे २०२१ ते २०२४ च्या गाडीचे गणित मात्र निराळे आहे. ९० पीएस आणि सुमारे ८८० किलो म्हणजे दर टनामागे १०२ पीएस. ज्यांनी ती गाडी चालवली आहे त्यांना नवी गाडी मंद वाटणे अगदी साहजिक आहे. आपली गाडी २०१२ ची असेल, तर त्यांचे दुःख आपण उसने घेण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे.

बाकीची मापे थोडक्यात देतो. लांबी ३८५० मिमीवरून ३८६०, रुंदी १६९५ वरून १७३५ आणि दोन्ही आसांमधले अंतर २४३० वरून २४५० मिमी झाले आहे. जमिनीपासूनची उंची १७० वरून १६३ मिमीवर उतरली आहे, आणि आमच्या सोसायटीबाहेरचा गतिरोधक पाहता हे सात मिलिमीटर मला आवडलेले नाहीत. डिकी २०४ लिटरवरून २६५ लिटर झाली, ही जुन्या गाडीच्या मालकांसाठी सर्वांत मोठी सोय म्हटली पाहिजे, कारण जुन्या डिकीत दोन मोठ्या बॅगा ठेवल्या की तिसरी मांडीवर घ्यावी लागते. पेट्रोलची टाकी ४२ लिटरवरून ३७ लिटरवर आली, पण कंपनीने जाहीर केलेले मायलेज १८.६ वरून २४.८ किमी झाल्यामुळे भरलेल्या टाकीत कागदोपत्री गाठता येणारे अंतर ७८० किमीवरून ९१७ किमीपर्यंत वाढते. व्हीएक्सआयचे टायर मात्र तेव्हाही १६५/८० आर१४ होते आणि आजही तेच आहेत.

आता प्रश्न. लांब स्ट्रोकचे तीन सिलिंडरचे इंजिन घाटात, चार माणसे आणि एसी चालू असताना, जुन्या इंजिनाइतके खेचते का? आणि १२-१३ वर्षांनंतरही गाडी नीट चालत असेल, तर केवळ या आकड्यांसाठी ती बदलणे कितपत शहाणपणाचे ठरेल?

यंत्रवेध

मांडणी आवडली. त्यात इंजिनाच्या अंतर्गत मापांची भर घालतो, कारण दोन्ही इंजिनांच्या स्वभावातला फरक तेथेच आहे.

जुन्या के-१२-एम इंजिनात सिलिंडरचा व्यास ७३ मिमी आणि पिस्टनची वरखाली होण्याची लांबी, म्हणजे स्ट्रोक, ७१.५ मिमी आहे. व्यास आणि स्ट्रोक जवळजवळ सारखे असल्यामुळे हे इंजिन वरच्या आरपीएमला मोकळे फिरते. नव्या इंजिनाचा व्यास ७४ मिमी, म्हणजे फार बदललेला नाही, पण स्ट्रोक तब्बल ९२.८ मिमी आहे. ११९७ सीसी चारऐवजी तीन सिलिंडरांत वाटल्यामुळे प्रत्येक सिलिंडर २९९ ऐवजी ३९९ सीसीचा झाला. मोठ्या सिलिंडरमध्ये आकारमानाच्या मानाने भिंतींचा पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे ज्वलनाची उष्णता भिंतींमधून कमी वाया जाते. एक पिस्टन, त्याच्या रिंगा आणि क्रँकचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) एक बेअरिंग कमी झाल्याने घर्षणही घटते. मायलेजमध्ये जी वाढ दिसते तिचा मोठा भाग येथून आलेला आहे.

या मांडणीची किंमत वरच्या आरपीएमला मोजावी लागते. ६००० आरपीएमला जुन्या इंजिनाच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १४.३ मीटर होतो. नव्या इंजिनाचा पिस्टन तेवढाच वेग ४६०० आरपीएमला गाठतो, आणि ५७०० आरपीएमला, जेथे त्याची कमाल ताकद आहे, तो वेग १७.६ मीटरवर जातो. म्हणून ४५०० च्या पुढे नवे इंजिन आवाज वाढवते पण त्या प्रमाणात वेग वाढवत नाही, असे जे चालवणारे सांगतात, ते केवळ मनाचे खेळ नाहीत. जुन्या इंजिनाची खरी मजा ४००० ते ६००० या पट्ट्यातच होती, आणि तोच पट्टा नव्यात बोथट झाला आहे.

थरथरीविषयीही लिहितो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक १८० अंशांना एक ठोका, म्हणजे एका सिलिंडरमधले ज्वलन, पडतो, तर तीन सिलिंडरमध्ये २४० अंशांना. शिवाय चार सिलिंडरमध्ये पहिला आणि चौथा पिस्टन एका दिशेने जात असताना दुसरा आणि तिसरा उलट दिशेने जातात व एकमेकांना सावरतात. तीन सिलिंडरमध्ये अशी जोडी जुळत नाही. इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुलल्यासारखे हलते. इंजिनाच्या रबरी माउंटिंगमुळे यातले बरेचसे गिळले जाते, तरी सिग्नलला एसी चालू ठेवून उभे राहिल्यावर थोडीशी थरथर सीटपर्यंत पोहोचतेच.

कंपनीने हे का केले याचेही उत्तर आकड्यांतच आहे. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण २.३७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १८.६ च्या मायलेजने तो किलोमीटरला १२७ ग्रॅम पडतो आणि २४.८ ने ९६ ग्रॅमच्या आत येतो. गाड्यांच्या इंधनवापरावर मर्यादा घालणाऱ्या सरकारी कॅफे निकषांची २०२२-२३ पासून लागू झालेली दुसरी पायरी साधारण ११३ ग्रॅमची आहे. ही मर्यादा एकेका गाडीला नसून कंपनीने विकलेल्या सर्व गाड्यांच्या सरासरीला लागू होते, आणि तिच्यात वजनाचाही हिशेब असतो. तरीही, भरमसाट खपणारी लहान गाडी ९६ ग्रॅमवर आणली की कंपनीला मोठ्या आणि जड गाड्या विकायला सवड मिळते. स्विफ्टच्या घटलेल्या आठ पीएसचा उपयोग कोणाला झाला हे यावरून कळावे.

तिसरागियर

यंत्रवेध यांच्या प्रतिसादावर एक शंका आहे. लांब स्ट्रोकमुळे खालच्या आरपीएमला जोर मिळतो असे सर्वजण म्हणतात, परंतु धाग्यातल्या आकड्यांप्रमाणे जुन्या इंजिनाचा कमाल टॉर्क ४००० ला येतो आणि नव्याचा ४३०० ला. मग खालचा जोर जुन्याचाच जास्त असायला हवा ना?

यंत्रवेध

शंका रास्त आहे. कमाल टॉर्कचा आकडा हे केवळ शिखर असते. शिखराच्या अलीकडची चढण किती उभी किंवा सपाट आहे हे तो सांगत नाही. दोन इंजिनांची शिखरे सारखी असूनही १८०० आरपीएमला एक इंजिन शिखराच्या बरेच जवळ पोहोचलेले असू शकते आणि दुसरे बरेच खाली. वाहनाच्या माहितीपत्रकात संपूर्ण आलेख छापत नाहीत, ही खरी अडचण आहे. त्यातच १३ च्या आसपासचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पटीने दाबले जाते ते प्रमाण) आणि मोठा सिलिंडर यांमुळे प्रत्येक ठोका जास्त वजनदार पडतो, आणि पाय थोडाच दाबलेला असताना, म्हणजे शहरात आपण बहुतेक वेळ चालवतो तसे, त्याचा फायदा मिळतो.

कोकणवाट

मी दोन्ही गाड्या चालवल्या आहेत. जुनी घरची होती आणि नवी धाकट्या बंधूंनी घेतलेली आहे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला आणि पुढे महामार्गाने खाली, असे आमचे नेहमीचे जाणे असते, त्यामुळे धागालेखकांच्या घाटाच्या प्रश्नाविषयी लिहू शकतो.

ताम्हिणीची चढण सलग उभी नसून वळणावळणाची आहे. वळणाआधी वेग ३० च्या खाली येतो आणि वळण संपताच गाडीने पुन्हा उचल खायला हवी असते. जुन्या स्विफ्टमध्ये अशा जागी तिसऱ्या गियरवर पाय दाबला तर गाडी क्षणभर घुटमळत असे, आणि दुसरा टाकल्यावरच मोकळी होत असे. पण एकदा दुसऱ्यावर ४००० पार केले की ती जी उसळी घेई, तिला तोड नव्हती. नव्या गाडीत त्याच वळणांवर तिसरा गियर बराच वेळ चालतो. चार माणसे आणि सामान असतानाही तिसऱ्यावर ती कुरकुर न करता वर येते. दिवसभरात गियर बदलण्याची संख्या कमी होते आणि माणूस कमी दमतो.

दोन पदरी रस्त्यावर एसटीच्या मागे अडकल्यावर मात्र चित्र पालटते. समोरचा रस्ता दीडशे-दोनशे मीटर मोकळा दिसतो आहे आणि तेवढ्यात ओव्हरटेक उरकायचा आहे, अशा वेळी जुन्या गाडीत दुसरा किंवा तिसरा गियर ताणून धरता येत असे. नव्या गाडीत तसे ताणले तर आवाज येतो, गाडी येत नाही. तिला वेळेत पुढचा गियर द्यावा लागतो आणि ओव्हरटेकची जागा जरा जास्त घेऊन ठेवावी लागते. ही सवय बदलावी लागते, आणि सवय बदलेपर्यंत एक-दोनदा माघार घेऊन पुन्हा एसटीच्या मागे यावे लागते.

क्लचविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. जुन्या गाडीत क्लच केबलवर चालतो, नव्यात तो हायड्रॉलिक आहे. केबल जुनी झाली की पेडल जड होत जाते आणि ते इतके हळूहळू होते की आपल्याला कळतही नाही. चांदणी चौकापासून हिंजवडीपर्यंतच्या संध्याकाळच्या रांगेत ज्याचा डावा गुडघा रोज दुखतो, त्याने पीएसच्या आधी क्लचचा विचार करावा.

हिशेबी

इंधनाच्या बचतीवर गाडी बदलण्याचे समर्थन करणाऱ्यांसाठी साधे गणित मांडतो. वर्षाला १०,००० किमी धरल्यास १८.६ च्या मायलेजने ५३८ लिटर पेट्रोल लागते आणि २४.८ ने ४०३ लिटर. वाचले सुमारे १३४ लिटर. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही गाड्यांचे मायलेज जाहीर आकड्यांहून खाली येते, आणि ते सारख्या प्रमाणात उतरले तर वाचणारे लिटर उलट थोडे वाढतात, म्हणून उदार होऊन १८० लिटर धरू. लिटरला शंभराच्या थोडे वर या भावाने वर्षाची बचत १९,००० रुपयांच्या आसपास राहते.

नव्या व्हीएक्सआयची किंमत गाडी आली तेव्हा शोरूममध्ये ७.२९ लाख होती. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आणि शिवाय विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा एक टक्का सेसही गेला, त्यामुळे किंमत बरीच उतरली आहे. तरीही जुनी गाडी विकून जे येईल ते वजा करूनसुद्धा उरलेली रक्कम पेट्रोलच्या बचतीतून भरून निघायला पंचवीस-तीस वर्षे लागतील. मायलेज हे नवी गाडी घेताना मिळणारे समाधान आहे. जुनी विकण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

सीटबेल्ट

आतापर्यंतची संपूर्ण चर्चा इंजिनावर झाली आणि मूळ धाग्यात एअरबॅगा फक्त वजनाच्या हिशेबात आल्या, याचे आश्चर्य वाटते.

२०१२ च्या व्हीएक्सआय पेट्रोलमध्ये एकही एअरबॅग नव्हती. दोन एअरबॅगा हव्या असतील तर सर्वांत वरची झेडएक्सआय घ्यावी लागे. याच पिढीच्या, एअरबॅग नसलेल्या स्विफ्टची ग्लोबल एनकॅप या संस्थेने धडक-चाचणी घेतली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी तिला शून्य तारे दिले. त्यानंतरच्या पिढीला २०१८ मध्ये दोन तारे मिळाले आणि निकष कडक झाल्यावर २०२२ मध्ये एक. नव्या गाडीत सर्वांत स्वस्त प्रकारातही सहा एअरबॅगा, पाचही जागांना तीन बिंदूंचे सीटबेल्ट आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, दिलेली आहे.

यातली ईएसपी ही गोष्ट मला एअरबॅगेहून महत्त्वाची वाटते, कारण एअरबॅग अपघात झाल्यावर उघडते आणि ईएसपी त्याच्या आधी काम करते. पावसाळ्यात घाटातल्या उताराच्या वळणावर मागचे चाक सरकू लागले की प्रत्येक चाकावरचे आणि स्टिअरिंगवरचे सेन्सर ते टिपतात, आणि ज्या एका चाकाला ब्रेक लावल्याने गाडी पुन्हा रेषेत येईल त्याच चाकाला यंत्रणा ब्रेक लावते. चालकाकडे चारही चाकांसाठी मिळून एकच पेडल असते, त्यामुळे कितीही कसलेल्या चालकाला हे जमण्यासारखे नाही.

एक सावधगिरीही नोंदवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले आणि तेव्हापासून काही विक्रेते ते तारे स्विफ्टच्याही नावावर सांगतात. दोन्ही गाड्यांचा पाया एक असला तरी तारे चाचणी झालेल्या गाडीचेच असतात.

हिशेबी

सीटबेल्ट यांचा प्रतिसाद पटला. माझ्या गणितात या गोष्टीला रुपयांचा रकाना नव्हता.

जुनीचावी

जुन्या गाडीच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे. के-१२-एम इंजिनात टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, ऑइल वेळेवर बदलले तर ते दीर्घकाळ तक्रार करत नाही, आणि तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीलाही ते पाठ आहे. या वयाच्या गाडीत खर्च निघतो तो खालून: लोअर आर्मचे बुश, शॉकअप, स्टिअरिंग रॅक, व्हील बेअरिंग. ही सगळी कामे एकदम करून घेतली तरी नव्या गाडीच्या रोड टॅक्सइतकाही खर्च येत नाही आणि गाडी पुन्हा घट्ट होते.

मात्र दोन बाबी लक्षात ठेवाव्यात. २०१२ च्या गाडीची नोंदणी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होईल. त्या वेळी आरटीओत गाडी दाखवून पासिंग करून घ्यावे लागते, नूतनीकरणाचे ५,००० रुपये शुल्क आहे, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो, आणि मग पुढची पाच वर्षे मिळतात. ही अडचण मोठी नाही, फक्त गाडीचा पत्रा आणि धूर दोन्ही ठीक हवेत.

दुसरी बाब ई-२० पेट्रोलची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाने मायलेज उतरणे अटळ आहे. ई-२० साठी न जुळवलेल्या गाड्यांमध्ये ही घट ३ ते ६ टक्के असल्याचे सरकारनेही मान्य केले आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांमध्ये त्यासाठी योग्य रबर आणि सील वापरले जातात. २०१२ च्या गाडीत तसे नाही. दर सर्व्हिसिंगला पेट्रोलचे पाइप आणि पंपाचे सील पाहायला मिस्त्रीला आवर्जून सांगावे, आणि गाडी महिनोन् महिने टाकी भरून उभी ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते.

घाटरस्ता (धागालेखक)

सर्वांचे आभार. सीटबेल्ट यांचा आक्षेप मान्य आहे, आणि खरे सांगायचे तर पीएसच्या वादापेक्षा तोच मुद्दा माझ्या घरात निर्णायक ठरेल असे दिसते, कारण मागच्या सीटवर मधोमध बसणाऱ्याला सध्या केवळ कमरेचा पट्टा आहे.

ज्यांना चाचणीसाठी गाडी चालवून पाहायची आहे त्यांना या चर्चेवरून एक सुचवतो. शोरूमवाले आपल्याला एकट्याला बसवून सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतात, त्यात या दोन इंजिनांमधला फरक कळणे शक्य नाही. घरातली चार माणसे सोबत न्यावीत, एसी चालू ठेवावा आणि जवळचा चढ निवडावा; पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट पुरेसा आहे. तेथे तिसऱ्या गियरवर ३० च्या वेगाने वळण घेऊन पाय दाबावा आणि मग त्याच दिवशी, तीच माणसे घेऊन, आपली जुनी गाडी त्याच वळणावर न्यावी. उतरताना सिग्नलला थांबल्यावर गियरच्या दांड्यावर हात ठेवून थरथर किती येते तेही पाहावे.

एजीएस (क्लचशिवाय आपोआप गियर बदलणारी गाडी) घ्यावी की नाही, हा प्रश्न मी मुद्दाम येथे आणलेला नाही. २५.७५ च्या मायलेजमुळे ती आकर्षक वाटते, पण ताम्हिणीच्या त्याच वळणांवर गियर कधी बदलायचा हे गाडीने ठरवणे मला मानवेल असे वाटत नाही. ज्यांनी ती घाटात भरलेल्या गाडीनिशी चालवली आहे त्यांनी येथेच लिहावे.